स्वयंसेवेपासून आपला लाभ : डिंडोलीतील एका अभ्यासवर्गाच्या निमित्ताने



गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेची नावनोंदणी चालू असताना एका विद्यार्थ्याने मला सरळ प्रश्न केला, "सर, यात आमचा काय फायदा?" शेजारी बसलेल्या एका प्राध्यापकांना तो प्रश्न उद्धटपणाचा वाटला. मला तसे वाटले नाही. आठवड्याचे तीन-चार तास कोणी मागत असेल, तर त्याच्या मोबदल्यात काय मिळणार हे विचारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. परंतु त्या दिवशी मी त्याला जे उत्तर दिले, ते छापील उत्तर होते. व्यक्तिमत्त्वाचा विकास, राष्ट्रनिर्मिती असे काहीतरी मी बोललो. तो मान हलवून निघून गेला. त्याला जे उत्तर द्यावयास हवे होते, ते या लेखात देण्याचा प्रयत्न करीत आहे.

ते उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही. सुरतेच्या डिंडोली भागात, पत्र्याच्या एका खोलीत, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना मिळाले. म्हणून आधी त्या जागेची थोडी ओळख करून देतो.

डिंडोली

सुरत म्हटले की आपल्याकडील वाचकांना हिरे, साड्या आणि गुजराती व्यापारी आठवतात. परंतु याच शहराच्या आग्नेय भागात उधना, लिंबायत, गोडादरा, नवागाम, डिंडोली अशा वस्त्यांतून फिरले, तर जागोजाग मराठी ऐकू येते. ही माणसे बहुतांशी खानदेशातून आलेली आहेत. अमळनेर, पारोळा, चोपडा, शिरपूर, नंदुरबार, शहादा ही त्यांची मूळ गावे. उधन्याहून निघणारा लोहमार्ग बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, अमळनेर असा जळगावला जातो. कोरडवाहू शेतीत भागेनासे झाले की खानदेशातील माणूस याच गाडीत बसतो आणि उधन्याला उतरतो. डिंडोली या मार्गाला अगदी लागून आहे.

येथील पुरुष बहुधा लूमवर किंवा साड्यांच्या व्यवसायात काम करतात. लूमची पाळी बारा तासांची असते, आणि मजुरी किती मीटर कापड निघाले यावर मिळते. घरोघरी बायका साड्यांवर टिकल्या चिकटवितात, लेस लावतात, धागे कापतात. हे काम नगावर असल्यामुळे शाळेतून आलेले मूलही हात धुऊन त्याला बसते. त्या घरात अभ्यासासाठी वेगळी जागा नसते आणि वेगळी वेळही नसते.

भाषेचा प्रश्न निराळाच. घरी अहिराणी, शाळेत मराठी किंवा गुजराती, गल्लीत हिंदी. सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, उडिया आणि तेलुगू अशा सात माध्यमांच्या शाळा चालविते, ही गोष्ट खरोखर नोंद घेण्यासारखी आहे. तरीही घरी 'माले, तुले' म्हणणारे मूल पाटीवर 'मला, तुला' लिहिताना अडखळते आणि वर्गात हसे झाले की गप्प होते. ज्या मासिकात मराठी व कन्नड असे दोन्ही विभाग शेजारी नांदतात, त्याच्या वाचकांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी, ही ओढाताण आपल्यापैकी अनेकांनी स्वतः सोसली आहे.

वर्ग सुरू झाला आणि मोडला

आम्ही चार मित्रांनी एका शेजाऱ्याची रिकामी खोली मागून घेतली आणि संध्याकाळी सात ते साडेआठ असा अभ्यासवर्ग सुरू केला. पहिल्या आठवड्यात सत्तावीस मुले आली. आम्ही फळा आणला, खडू आणले, भिंतीवर तक्ते लावले आणि पाठ्यपुस्तक उघडून पहिल्या पानापासून शिकवू लागलो. मुले आमच्यामागून मोठ्याने म्हणत. आम्हांस वाटले, झकास चालले आहे.

त्यांत एक अकरा-बारा वर्षांचा मुलगा होता. तो सर्वांत मोठ्याने म्हणे. तीन आठवड्यांनी मी त्याला एकट्याला एक ओळ वाचावयास सांगितली. त्याने माझ्याकडे पाहिले, पुस्तकाकडे पाहिले आणि धडा तोंडपाठ म्हणून दाखविला. पान मात्र दुसरेच उघडलेले होते! सहावीतल्या त्या मुलास जोडाक्षर तर सोडाच, काना-मात्राही लागत नव्हत्या. पाच वर्षे त्याने ही गोष्ट केवळ पाठांतराच्या बळावर लपवून ठेवली होती. दिवाळीनंतर त्याला साडीच्या दुकानात घड्या घालण्याच्या कामावर पाठवायचे, असे घरी जवळजवळ ठरले होते. त्याच्या आईचे म्हणणे सरळ होते, वाचता येत नसेल तर शाळेत बसवून उपयोग काय?

मी त्याला रोज वर्ग सुटल्यावर अर्धा तास वेगळा शिकवू लागलो. अक्षरांपासून सुरुवात केली. तो शब्द वाचू लागला. एवढ्यात आमची परीक्षा आली. आम्ही चौघांनी एकमेकांवर विसंबून वर्ग बंद ठेवला, आणि मुलांना मात्र कोणीच कळविले नाही. दोन आठवड्यांनी परत गेलो तेव्हा खोलीत चार मुले होती. तो मुलगा नव्हता. मी त्याच्या घरी गेलो. आई टिकल्या चिकटवीत होती. मान वर न करता ती अहिराणीत जे बोलली, ते आपल्या मराठीत सांगतो. "भाऊ, येणार नव्हता तर सांगून जायचं. पोरगं रोज पुस्तक घेऊन त्या खोलीच्या पायरीवर बसून राहायचं. आता नाही येत म्हणतो."

माझ्या विद्यार्थिदशेतील कोणत्याही परीक्षेत मला इतके कमी गुण मिळाले नव्हते. आम्ही फुकट शिकवतो, म्हणून आमच्यावर कोणाचा हक्क नाही, असे मी मनात धरून चाललो होतो. ते चुकीचे होते. पगार नसला तरी शब्द दिलेला असतो.

त्यानंतर आम्ही वर्ग नव्याने बांधला. रोजचा नव्हे, आठवड्यातून तीनच दिवस. चौघांच्या पाळ्या कागदावर लिहून दारावर चिकटविल्या आणि सुट्टी असेल तर आदल्या दिवशी सांगायची असा नियम केला. तो मुलगा परत यावयास आणखी पंधरा दिवस गेले.

लाभ कोणते?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मला यातून काय मिळाले?

पहिला लाभ अभ्यासाचा. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. टक्केवारी मला येते, अशी माझी समजूत होती. सातवीतल्या मुलीने विचारले, "दादा, शंभरातच का मोजायचं?" आणि मी निरुत्तर झालो. दुसऱ्याला शिकवायचे म्हटले की आपल्या ज्ञानातील भोके दिसू लागतात. परीक्षेत सूत्र लिहून गुण मिळतात, परंतु मुलापुढे सूत्र चालत नाही. ते कोठून आले हे सांगावे लागते.

दुसरा लाभ माणसांशी बोलण्याचा. रात्रपाळी करून आलेल्या बापाला मुलीच्या शाळेविषयी बोलते करणे, खोलीच्या मालकाची समजूत घालणे, शाळेच्या मुख्याध्यापकांपुढे नम्रतेने पण न घाबरता उभे राहणे, ही कामे कोणत्याही वर्गात शिकवीत नाहीत. पुढे नोकरीच्या मुलाखतीत माझे हात थरथरले नाहीत, याचे श्रेय मी डिंडोलीला देतो.

तिसरा लाभ वेळेचा. हे विपरीत वाटेल, परंतु आठवड्याचे सहा तास गेल्यावर उरलेल्या तासांची किंमत कळली. पूर्वी नाक्यावर चहात किती वेळ जाई याचा हिशेबच नव्हता.

चौथा लाभ शरीर व मनाच्या आरोग्याचा. याविषयी माझ्या अनुभवापेक्षा संशोधनाचा आधार घेणे बरे. कॅनडाच्या पश्चिम भागातील एका शाळेत दहावीच्या १०६ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे दोन गट केले. एका गटाने सुमारे दोन महिने, आठवड्यातून एकदा, प्राथमिक शाळेतील मुलांसोबत स्वयंसेवा केली. दुसऱ्या गटाला थांबावयास सांगितले. अखेरीस तपासणी केली तेव्हा सेवा करणाऱ्या गटात रक्तातील कोलेस्टेरॉल आणि शरीरातील दाहाचे एक लक्षण दुसऱ्या गटापेक्षा कमी आढळले. विशेष म्हणजे ज्यांच्या मनात इतरांविषयीची सहानुभूती अधिक वाढली, त्यांच्यातच हा फरक अधिक होता. त्याच वर्षी अमेरिकेतून ५० वर्षांवरील माणसांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षाला २०० तास किंवा अधिक सेवा करणाऱ्यांना पुढील चार वर्षांत उच्च रक्तदाब होण्याचा संभव कमी दिसला. २०० तास म्हणजे आठवड्याला साधारण चार तास.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. जो मुळातच निरोगी आणि हौशी असतो, तोच सेवेला बाहेर पडतो, असेही असू शकेल. म्हणजे सेवेमुळे आरोग्य की आरोग्यामुळे सेवा, हे दुसऱ्या प्रकारच्या अभ्यासातून निश्चित ठरत नाही. कॅनडातील प्रयोगात गट नशिबावर सोडून पाडल्यामुळे त्याचा निष्कर्ष अधिक भक्कम आहे. परंतु तो एकाच शाळेतील थोड्या मुलांचा आहे, हेही ध्यानात ठेवावे.

लाभासाठी केले तर?

वरील यादी वाचून एखादा हिशेबी विद्यार्थी म्हणेल, "ठीक आहे, चार लाभ आहेत, मग करू या!" त्याच्यासाठी एक शोध मुद्दाम सांगतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात १९५७ साली शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांची माहिती अनेक दशके गोळा केली जात आहे. त्यांपैकी काही हजारांना २००४ मध्ये विचारण्यात आले, की आपण स्वयंसेवा करता काय, आणि करीत असल्यास कशासाठी? चार वर्षांनी पाहिले तेव्हा इतरांसाठी म्हणून सेवा करणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमी होते. परंतु मुख्यतः स्वतःच्या लाभासाठी सेवा करणाऱ्यांत ते प्रमाण सेवा न करणाऱ्यांइतकेच निघाले!

म्हणजे लाभ आहे, परंतु त्याच्याकडे डोळे लावून बसणाऱ्याच्या तो हाती लागत नाही. झोपेचेही असेच आहे. आता झोप येईल का, असे घोकणाऱ्याला ती येत नाही. अंग मोडून काम करणाऱ्याला ती न बोलावता येते. प्रमाणपत्रासाठी आलेला विद्यार्थी वाईट असतो असे मी म्हणत नाही. मीही थोडा त्यासाठीच गेलो होतो. परंतु प्रमाणपत्रापाशी जो थांबतो, त्याला प्रमाणपत्रच मिळते.

खानदेशातील माणसांना हे सांगावे लागत नाही, कारण त्यांच्यापुढे साने गुरुजींचे उदाहरण आहे. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तेथील छात्रालयही त्यांनी सांभाळले. मुलांसाठी ते 'विद्यार्थी' मासिक चालवीत. वर्गाची घंटा झाल्यावर शिक्षकाचे काम संपते, असे त्यांनी मानले नाही. डिंडोलीच्या कितीतरी घरांतील आजोबांचे गाव अमळनेरच्या आसपासचे. आमच्या वर्गाला खोली देणाऱ्या शेजाऱ्यांनी भाडे नाकारताना गुरुजींचेच नाव घेतले होते.

आरंभ कसा करावा?

आता जे खरोखर सुरुवात करू इच्छितात, त्यांच्यासाठी अनुभवाने शिकलेल्या काही गोष्टी क्रमाने देतो.

१. आधी पाहा, मग करा. वस्तीत किमान दोन आठवडे जा, बसा, ऐका. आम्ही पाठ्यपुस्तक घेऊन गेलो आणि मुलांना अक्षरे हवी होती. काय हवे हे त्यांनी सांगावे, आपण ठरवू नये.

२. असलेल्या संस्थेला जोडून घ्या. नवी संस्था काढण्याची घाई करू नका. आपल्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजना हे सर्वांत जवळचे दार होय. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत ती सुरू केली. 'मी नव्हे, तुम्ही' अशा अर्थाचे तिचे ब्रीद आहे. दोन वर्षांत २४० तासांचे नियमित काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर, असे तिचे स्वरूप आहे. शिबिरातील श्रमदानाचा फोटो सर्वांना आठवतो, परंतु खरी कसोटी त्या २४० तासांत आहे.

३. थोडे कबूल करा, पण ते पाळा. आठवड्याला दोन तास पुरेत. रोज येतो म्हणून महिन्याने नाहीसे होण्यापेक्षा दर रविवारी वर्षभर येणे कितीतरी मोलाचे आहे. परीक्षेचे दिवस आधीच वजा करून वेळापत्रक आखा.

४. शिकवायचे असेल तर इयत्ता पाहू नका, पातळी पाहा. प्रत्येक मुलाला एकटे बसवून अक्षर, शब्द, लहान परिच्छेद, गोष्ट या क्रमाने वाचावयास द्या. जेथे अडेल तेथून सुरू करा. 'प्रथम' या संस्थेने ही पद्धत देशभर रूढ केली. याच संस्थेचा 'बालसखी' हा उपक्रम २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोदा येथे शास्त्रीय रीतीने तपासला गेला. वस्तीतीलच, शालेय शिक्षण झालेल्या तरुणी थोडेसे प्रशिक्षण आणि अल्प मानधन घेऊन मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळे शिकवीत. त्या मुलांच्या भाषेत व गणितात निश्चित प्रगती झाली. मोठी पदवी लागली नाही. योग्य जागेपासून सुरुवात आणि नियमितपणा लागला.

५. घरच्या भाषेला हसू नका. मूल 'माले' म्हणाले तर ते चुकलेले नाही, ते दुसरी भाषा बोलत आहे. दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहा. आम्ही तसे केले, आणि गप्प बसणारी मुले बोलू लागली. आपल्या भागात कन्नड आणि मराठी या दोन भाषांबाबत हेच करता येईल.

६. मुलांच्या सुरक्षिततेचे नियम पाळा. वर्गाचे दार उघडे ठेवा, शक्यतो दोघे मिळून शिकवा, पालकांना वेळ कळवा, आणि त्यांच्या संमतीवाचून मुलांचे फोटो काढू नका अथवा पसरवू नका. गरिबी ही प्रदर्शनाची वस्तू नव्हे.

७. शिकविण्याची आवड नसेल तर दुसरे काम निवडा. १८ वर्षे पूर्ण झालेली, किमान ४५ किलो वजनाची निरोगी व्यक्ती रक्तदान करू शकते. पुरुषांना तीन आणि स्त्रियांना चार महिन्यांच्या अंतराने ते पुन्हा करता येते. अंध विद्यार्थ्यांना परीक्षेत लेखनिक लागतात. पात्रतेचे नियम परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून आधी समजून घ्यावेत. ग्रंथालयातील पुस्तके लावणे, दवाखान्यात वृद्धांना अर्ज भरून देणे, हीही सेवाच होय.

८. नोंद ठेवा. कोण आले, काय वाचले, कोठे अडले, एवढी एक वही पुरे. वहीमुळे आपल्या उत्साहाचा खरा हिशेब दिसतो.

मर्यादा

स्वयंसेवेची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. सुरतेने १९९४ चा प्लेग पाहिला आणि ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने आलेला तापीचा महापूरही पाहिला. अशा प्रसंगी न सांगता माणसे मदतीला धावतात. परंतु १९९४ नंतर शहर स्वच्छ झाले, ते महानगरपालिकेने रोजची झाडलोट आणि कचऱ्याची वाहतूक शिस्तीत आणल्यामुळे. त्याचप्रमाणे आमचा वर्ग शाळेची जागा घेऊ शकत नव्हता. बारा तासांच्या पाळीला आणि अपुऱ्या मजुरीलाही तो उत्तर नव्हता. स्वयंसेवकाने शासनाचे काम फुकटात करून द्यावे, असा याचा अर्थ घेऊ नये. ज्याने वस्ती जवळून पाहिली आहे, त्याने शाळेत शिक्षक कमी का, हा प्रश्नही योग्य ठिकाणी विचारला पाहिजे. तोही सेवेचाच भाग आहे.

समारोप

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. दिवाळीनंतर तो दुकानात गेला नाही. मार्चपर्यंत तो लहान परिच्छेद वाचू लागला होता. एका संध्याकाळी त्याने आईला साडीच्या गठ्ठ्यावरची चिठ्ठी वाचून दाखविली, आणि मजुरी मोजताना तीन नग कमी धरले आहेत हे लक्षात आणून दिले. त्या दिवशी त्या माउलीने मला चहा पाजला. सातवीनंतर ते कुटुंब पारोळ्याकडे परत गेले. त्यानंतरची हकीकत मला ठाऊक नाही. स्वयंसेवेत पुष्कळदा गोष्टीचा शेवट आपल्या हाती येत नाही, आणि त्याची सवय करून घ्यावी लागते.

आयुष्याच्या उत्तरार्धात साने गुरुजींनी आंतरभारतीचे स्वप्न मांडले. एका प्रांताच्या माणसाने दुसऱ्याची भाषा शिकावी, परस्परांस ओळखावे, असा त्यामागील विचार. आपल्या महाविद्यालयाच्या आसपास मराठी शाळेत जाणारी कन्नड घरची मुले आहेत आणि कन्नड शाळेत जाणारी मराठी घरचीही आहेत. दोन्ही विभागांतील दोन-दोन विद्यार्थ्यांनी मिळून रविवारी दोन तास दिले, तर त्या स्वप्नाचा एक कोपरा येथेच उभा राहू शकेल. खोलीची व्यवस्था मी करतो.

आणि ज्या विद्यार्थ्याने मला तो प्रश्न विचारला होता, त्याला एवढेच सांगणे आहे : फायदा आहे, बाळ. पण तो आधी सांगून दाखविता येत नाही. एकदा वेळ ठरवून ये, आणि ठरल्या वेळी पुन्हा ये.